सांगायला अनिताला बोलवा

आमच्या हॉस्पिटलात कुणी गेलं की डॉक्टर हातमोजे काढता काढता म्हणायचे, "सांगायला अनिताला बोलवा." हे वाक्य मी अकरा वर्षांत इतक्यांदा ऐकलं आणि स्वतःही इतक्यांदा म्हटलं, की त्यात काही वावगं आहे असं वाटेनासंच झालं. ड्यूटीच्या तक्त्यात सलाइन कुणी लावायचं, ड्रेसिंग कुणी करायचं, सगळं लिहिलेलं असतं. नातेवाइकांना मरण कुणी सांगायचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. आणि तो तक्ता मीच लिहायचे.

मी अनुपमा. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतच्या अलीकडे एक पन्नास खाटांचं खासगी हॉस्पिटल आहे, तिथल्या मोठ्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. वय सत्तावन्न, जीभ तिखट. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, त्यामुळे घड्याळ आणि आरडाओरडा दोन्ही अंगात भिनलंय. पोरी माझ्यामागं मला 'गार्डसाहेब' म्हणतात, मला ठाऊक आहे. एवढी मी कडक, आणि एका बाईसाठी एक खरं वाक्य काही मला बोलता आलं नाही. ते मी गिळलं म्हणून अनिताची नोकरी गेली, नाव गेलं, पोटचं पोर दुरावलं. या गोष्टीत मी चांगली दिसणार नाही, आणि तसा प्रयत्नही करत नाही.

अनिता न्हावऱ्याची. तिचे वडील मल्हारी, तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. पुढं विहिरीला पाणी लागलं, चार म्हशी झाल्या आणि घर एका जागी टेकलं. "आमच्या भावकीत मेंढरं सोडून माणसाला सुई टोचणारी पहिली मीच," असं ती हसून सांगायची. लग्न कासुर्डीच्या दत्ताशी झालं. दत्ता शिक्रापूरच्या एका कंपनीत, तिथंच चौघांत खोली घेऊन राहायचा आणि रविवारी घरी यायचा. म्हणजे सासू दगडाबाई, मुलगा स्वराज, गोठा आणि आमच्या तीन पाळ्या, हे सगळं अनिताच्या डोक्यावर. नाइट करून सकाळी घरी गेली तरी झोपायची सोय नाही. दिवसा झोपणारी सून कुठल्या सासूला चालते?

मरण सांगायचं काम तिच्याकडं कसं गेलं, तेही सांगते, कारण त्याची सुरुवात माझ्यापासून आहे. नोकरीला लागले तेव्हा मी एका माणसाला सांगितलं होतं, "पेशंट एक्स्पायर झाला." तो माणूस मान हलवून म्हणाला, "बरं, मग आता औषध कंचं आणू?" मला ते पुन्हा समजावून सांगता आलं नाही. मी आत पळून गेले. तेव्हापासून असं काही असलं की मला बाथरूमला लागायचं, फोन यायचा, स्टोअरमध्ये काम निघायचं. अनिता आली आणि मी सुटले.

तिची पद्धत साधी होती. जिन्याखाली नातेवाईक बसायचे, तिथं ती पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन जायची. उभी राहायची नाही, त्यांच्यासारखी फरशीवर बसायची. आधी गाव विचारायची. मग पाणी द्यायची. ते प्याले की हात धरून म्हणायची, "मामा, आपलं माणूस गेलं." एक्स्पायर नाही, बॉडी नाही, सॉरी नाही. मग उठायची नाही. कुणी तिच्या गळ्यात पडायचं, कुणी तिच्या दंडावर बुक्क्या मारायचं. अर्ध्या तासानं ती वर यायची, तांब्या विसळून जिन्याच्या खिडकीत पालथा घालायची आणि राहिलेली इंजेक्शनं द्यायला लागायची. आम्ही म्हणायचो, काय बाई आहे, दगडाचं काळीज! कौतुकानंच म्हणायचो.

एका हंगामात ऊसतोड कामगारांची ट्रॉली उलटली. बीडकडची एक बाई होती. सकाळी तिचा नवरा गेला, दुपारी दीर, संध्याकाळी भाऊ. तिन्ही वेळा सांगायला अनिताच गेली. तिसऱ्यांदा तिला तांब्या घेऊन जिना उतरताना बघितल्याबरोबर ती बाई भिंतीला चिकटली आणि हात जोडून म्हणाली, "तू नको येऊ गं माझ्याकडं, बाई, तू नको येऊ."

हे अनितानं मला चहा पिताना सांगितलं. पुढं म्हणाली, "ताई, आता मी नुसतं बीपी बघाय गेले तरी लोकं दचकत्यात. तांब्यावाली सिस्टर म्हणत्यात मला. परवा कासुर्डीत हळदीकुंकवाला गेले, तर एकीनं पोरगं पदराखाली घेतलं."

मी म्हणाले, "लोकांचं काय मनावर घेतेस!"

"घेत न्हाई. पण झोप लागत न्हाई. यांची बाटली असती कपाटावर. रविवारची राहिलेली. त्यातली दोन टोपणं घेती थंड पाण्यात. मग लागती झोप."

इथं मी थांबायला हवं होतं. पण तिच्या कपाळावर हात ठेवून, तुझी नाइट काढून टाकते, ते सांगायचं काम सगळ्यांत वाटून देते, असं काही मी म्हणाले नाही. मी म्हणाले, "झोप लागते ना? मग झालं." आणि बिस्कीट चहात बुडवलं.

एकटी अनिताच होती असंही नाही. आमच्यात एक सिस्टर खोकल्याच्या औषधाशिवाय घरी जात नसे, एकीच्या पर्समध्ये झोपेच्या गोळ्यांची अख्खी पट्टी असायची. पुरुष पितो तेव्हा रस्त्यावर पडतो, म्हणून दिसतो. बाई स्वयंपाकघराचं दार लोटून पिते आणि भांडी घासून ठेवते. अनिताची टोपणं वाढली, मग पेला आला. वर्षभरात माझ्या नाकाला कळायला लागलं. एकदा सकाळी हँडओव्हर घेताना वास आला. मी ओरडले नाही, रजिस्टरमध्ये लिहिलं नाही, वर कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी यवतच्या किराणा दुकानातून लवंगांची पुडी आणली आणि तिच्या टेबलावर ठेवली. तिनं बघितलं, मी बघितलं, दोघीही बोललो नाही. आमच्यात याला सांभाळून घेणं म्हणतात. आजारी बाईला मी औषध म्हणून लवंग दिली, तीही वास लपवायची.

मग तो गुरुवार आला. त्या दिवशी अनिताची साप्ताहिक सुट्टी होती. पृथ्वीराज नावाचा एकोणतीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलवरून ट्रकखाली आला होता. मोठ्या बागायतदाराचं घर, चुलते सावळाराम आप्पा माजी सरपंच. दुपारी दोनला मुलगा टेबलावरच गेला. बाहेर तीस-चाळीस माणसं. सर्जन मागच्या जिन्यानं निघून गेले. ज्युनिअर डॉक्टर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. मॅनेजर माझ्याकडं बघून म्हणाले, "अनिता कुठंय?"

मी बाजूला जाऊन तिला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, आज नको."

"दहा मिनिटांचं काम आहे गं."

"आज नको ना, ताई. आज मी... आज सुट्टी हाय माझी."

आवाज जड होता. मला कळलं होतं, अगदी स्पष्ट कळलं होतं. सुट्टीच्या दुपारी, स्वतःच्या घरात, दार लोटून तिनं घेतली होती. त्यात हॉस्पिटलचं काही बिघडत नव्हतं. आणि मी, इनचार्ज सिस्टर, काय म्हणाले? "लवंग चाव आणि ये."

ती आली. स्कूटी लावली, खिडकीतला तांब्या भरून घेतला, जिन्याखाली जाऊन बसली. पाणी दिलं. सांगितलं. पृथ्वीराजची बायको तिच्या खांद्यावर कोसळली आणि अनितानं तिला धरून ठेवलं. तोल गेला नाही, शब्द चुकला नाही. सावळाराम आप्पा सुनेला उठवायला वाकले, तोंडाजवळ तोंड आलं, आणि ते ताठ उभे राहिले.

"आरं, ही बाई पिलेली हाय!"

पुढचं काय सांगू. इतका वेळ त्या माणसांच्या रागाला जागा मिळत नव्हती, ती मिळाली. खुर्च्या फुटल्या, कुणी तिच्या वेणीला धरलं, पाच-सहा मोबाइल वर झाले. मुलगा कसा गेला हे विचारायचं सगळे विसरले. मॅनेजरांनी दोन्ही हात जोडले, "आप्पा, आजच्या आज काढतो हिला." त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. माझ्या चेहऱ्यावरही तीच असणार.

शनिवारी चौकशी झाली. एका बाजूला मॅनेजर आणि मोठे डॉक्टर, मध्ये मी, समोर अनिता. तिचा मोबाइल तिच्या मांडीवर होता.

मॅनेजरांनी विचारलं, "सुट्टी असताना ही वॉर्डात आली कशी?"

मी म्हणाले, "मला कल्पना नाही. आपली आपणच आली असेल."

"पिते हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कधी जाणवलं नाही."

अनितानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बसस्टॉपवर उभं राहून गाडीच्या दिशेनं बघतात तसं बघितलं, थोडा वेळ वाट पाहिली, मग कागद ओढून सही केली. 'ड्यूटीवर मद्यपान' असं त्यावर टाइप केलेलं होतं. ड्यूटी नव्हतीच, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं; बोलावलं कुणी, हे फक्त आम्हा दोघींना. मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका रजिस्टरमध्ये लाल पेनानं लिहिल्या, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा माझी दातखीळ बसली. इनचार्जपद जाईल एवढीच भीती होती. आज लिहितानासुद्धा लाज वाटते, किती लहान गोष्ट होती ती.

तो व्हिडिओ कासुर्डीत घरोघरी पोचला. दगडाबाईंनी स्वराजला ठेवून घेतलं आणि तिला न्हावऱ्याला माहेरी धाडलं. दत्ता गप्प राहिला. ज्याच्या बाटलीतून सुरुवात झाली, त्याला कुणी काही विचारलं नाही.

दीड वर्ष मी तिला फोन केला नाही. वॉर्डात नवीन पोरी आल्या. त्यातली मोनिका चोवीस वर्षांची, पाटसकडची, आवाज मऊ, लोकांत मिसळणारी. एक दिवस डॉक्टर म्हणाले, "सांगायला मोनिकाला बोलवा." कुणी ठरवलं नव्हतं. तोंडाला सवय होती, नुसतं नाव बदललं.

मागच्या महिन्यात मी मोनिकाला सुट्टीच्या दिवशी फोन केला. ती म्हणाली, "ताई, आज नको."

हे शब्द मी आधी ऐकले होते. तरी मी म्हणाले, ये. ती आली, तेव्हा कॉलर सरळ करायच्या निमित्तानं मी तिच्या तोंडाजवळ गेले आणि वास घेतला. टूथपेस्टचा वास होता, बाकी काही नाही. पण पोरीच्या लक्षात आलं. लाल झाली, म्हणाली, "ताई, काय बघता?" मी कॉलर सोडली. मनात म्हटलं, अनुपमा, आता तू पोरींची तोंडं हुंगत फिरणार का?

त्या रविवारी चौफुल्यावरून एसटी धरली आणि न्हावऱ्याला गेले. बरोबर एक कागद नेला होता. त्या गुरुवारी अनिता सुट्टीवर होती, मीच फोन करून तिला बोलावलं, ती पिते हे मला वर्षभरापासून माहीत होतं, असं सगळं माझ्या सहीनिशी त्यात लिहिलं होतं.

तिच्या आईनं, सगुणाबाईंनी, मला चहा दिला आणि एक शब्द न बोलता त्या आत गेल्या. बरोबर होतं त्यांचं. अनिता गोठ्याशी मशीनवर कडब्याची कुट्टी करत होती. वाळली होती, डोळे मात्र स्वच्छ होते. मशीन बंद करून तिनं कागद वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"त्या दिशी फोन मांडीवरच होता माझ्या," ती म्हणाली. "तुमचा कॉल होता त्यात. दोन वाजून दहा मिन्टांचा. निस्ता पुढं सरकावला असता तरी झालं असतं."

"मग का नाही सरकावलास, अनिता?"

"मला वाटलं, ताई बोलत्याल. म्हणून थांबले."

मला रडू आलं. तिनं रडू दिलं, समजूत घातली नाही. मी तिच्या तब्येतीचं विचारलं. पुण्याजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून आली होती. मध्ये स्वराजच्या वाढदिवसाला त्याला भेटू दिलं नाही, तेव्हा पुन्हा घेतली. त्यालाही आता सात महिने झाले होते. पोरगं महिन्यातून एकदा येतं, अजून जरा लांबच बसतं, असं म्हणाली.

मग तिनं विचारलं, "आता कोण सांगतं?"

"मोनिका म्हणून एक आहे."

"वय?"

"चोवीस."

"सुट्टीदिशी बोलावता?"

खोटं बोलायला मी तिथवर गेले नव्हते. म्हणाले, "दोनदा बोलावलं."

अनितानं कडब्याची पेंढी उचलली. "कागद द्यायचा तर द्या, ताई. पण माझ्यासाठी म्हणून देऊ नका. आधी त्या पोरीला फोन लावायचं बंद करा." आणि मशीन सुरू केलं. त्या आवाजात पुढं काही बोलता येत नव्हतं.

सोमवारी मी तो कागद मॅनेजरांना दिला. त्यांनी वाचला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "ताई, जुनं कशाला उकरता? चार महिन्यांत रिटायर व्हाल, सुखानं व्हा." कागद तिथंच आहे. मी दर आठवड्याला विचारते, ते दर आठवड्याला हसतात.

गेल्या बुधवारी सकाळी कोंडिबा नावाचे म्हातारे गेले. जिन्याखाली त्यांची बायको तुळजाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन एकटीच बसली होती. डॉक्टर म्हणाले, "सांगायला मोनिकाला बोलवा." मोनिका एका पेशंटला औषधाचा पंप लावत होती. तिनं हात पुसले. तिचे खांदे कसे खाली आले ते मी पाहिलं. अनिताचे असेच यायचे, तेव्हा मी तक्ता लिहीत असायचे.

"तू थांब, मी जाते," मी म्हणाले. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं.

सोळा पायऱ्या आहेत. मी खाली गेले, गुडघे मोडत फरशीवर बसले. तुळजाबाईंना गाव विचारलं. त्यांनी पारगाव सांगितलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं, शेकडो वेळा जिन्यावरून ऐकलं होतं. ते आलंच नाही. तोंड उघडं राहिलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तुळजाबाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. गाठोडं बाजूला ठेवलं.

"गेलं का वं बाई, आमचं माणूस?"

मी मान हलवली. सांगायचं होतं मी, आणि सांगितलं त्या म्हातारीनंच. वर माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुपारी घरी आले. भाताचा कुकर लावता येईना. एका मरणानं माझी ही गत झाली. अनितानं अकरा वर्षांत किती सांगितली असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. त्या वेळी कुणी माझ्यासमोर पेला धरला असता, तर मी काय आहे असं न विचारता घेतला असता. हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

मी अनिताला फोन लावला. "आज मी गेले होते सांगायला."

सिस्टर सिस्टरला विचारते तसं तिनं विचारलं, "खाली बसला का?"

"बसले."

"गाव इचारलं?"

"विचारलं."

"पाणी?"

तांब्या खिडकीतच पालथा होता. मी त्याच्या शेजारून गेले होते.

"विसरले गं."

"पाणी आधी द्यायचं असतं, ताई. एकदा सांगितल्यावर घोट खाली उतरत न्हाई."

मी म्हणाले, "अनिता, तू सांगून वर यायचीस तेव्हा तुला कधी कुणी पाणी दिलं का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. मग धारा काढायची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.